माझी चाचणी छोटी कावून केली?

शिट्टी

शिट्टी तोंडातून पडली तेव्हा मला आधी राग आला तो पोरींचा.

सकाळचा सराव चालू होता. दोन खांबांच्या मध्ये पोरी ओळीनं बसल्या होत्या. एकीनं चुकीचा खो दिला म्हणून मी शिट्टी मारायला गेलो, तर ओठ मिटेचनात. शिट्टी दोरीला लोंबकळली. परत तोंडात घातली, परत पडली. पोरी हसायला लागल्या. सर गंमत करतायत असं त्यांना वाटलं. मी ओरडलो, पण तोंडातून जे निघालं ते माझं मलाच कळलं नाही. तेवढ्यात डावा पाय कुणीतरी खालून काढून घ्यावा तसा गेला आणि मी फक्कीच्या रेघेवर बसलो.

मी घाटनांदूरच्या एका हायस्कूलमध्ये खेळाचा शिक्षक आहे. मस्के सर म्हणतात मला. तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे नुकतंच गेलेलं. पोरींसोबत रोज पळणारा माणूस. आपल्याला काही होणार नाही, ही माझी पक्की समजूत होती.

मला उचलून ऑफिसात निजवलं. कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं उपाशी पोटी पळाले असतील. एकानं साखरेचं पाणी आणलं, ते अर्धं गालावरून सांडलं. आमचे हेडसर आत आले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "पाणी बिणी देऊ नका. लकवा हाय हा. गाडी काढतो."

स्वतःच्या गाडीत घालून त्यांनी मला अंबाजोगाईला नेलं. हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढं मी या माणसाबद्दल बरंच वाईट बोलणार आहे, आणि त्यातलं थोडं खरंही आहे.

दाराबाहेरचं बोलणं

आजारी माणसाला सगळ्यात आधी कळतं ते हे, की आता आपल्याबद्दलचं बोलणं दाराबाहेर होतं.

डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी माझ्या बायकोला, शोभाला, बाहेर बोलावलं. हेडसरही गेले. दार अर्धवट उघडं होतं. मला डॉक्टरांचा हात हलताना दिसत होता, शोभाचा पदर तोंडाशी गेलेला दिसत होता, आणि हेडसर मान डोलवत होते. मान कशाला डोलवतोय हा, असं मनात आलं. अंगावरून वारं गेलेलं, अर्धं शरीर दगड झालेलं, आणि डोकं मात्र याच गोष्टीत अडकलेलं.

शोभा आत आली. म्हणाली, "मेंदूच्या उजव्या बाजूला रगत पोचलं न्हाई, म्हून डावं अंग गेलंय. गोळ्या चालू केल्यात. येईल म्हणले हळूहळू."

"किती?" मी विचारलं. शब्द बोबडा निघाला, पण तिला कळला.

"येईल म्हणले," तिनं परत तेवढंच सांगितलं.

किती येईल हे तिनं सांगितलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं की हिनं लपवलं, हा विचार मी त्या रात्रीपासून जो धरला तो पुढं कितीतरी दिवस सोडला नाही.

ज्यांच्या घरी असं झालं असेल त्यांना एक सांगतो. आजारी माणसासमोर बोला. वाईट असेल तरी समोर बोला. बाहेर जाऊन कुजबुजलात तर तो आत पडल्या पडल्या त्याहून वाईट काहीतरी रचतो. त्याला दुसरं काम नसतं.

वॉर्ड

वॉर्डातला दिवस सकाळी लवकर सुरू होतो. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघतात, जीभ बाहेर काढायला लावतात, बोट कुठं आहे विचारतात. मग चादर बदलायला मला एका कुशीवर वळवायचं. हे काम शोभाचं. मी काही बारीक माणूस नाही. ती माझ्या खांद्याखाली हात घालायची, गुडघा पलंगाला टेकवायची, "जयभीम म्हणा आन वळा," असं हसून म्हणायची आणि ओढायची. भांडं द्यायचं, घ्यायचं, पुसायचं, सगळं तिनंच. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. ती म्हणाली, "डोळे मिटून काय होतंय? मला तर दिसतंयच की."

डावा हात माझा वाटायचाच नाही. एकदा झोपेत कुणाचा तरी हात पोटावर पडलाय म्हणून मी उजव्या हातानं तो ढकलून दिला. ढकलल्यावर खांदा दुखला तेव्हा कळलं, आपलाच आहे.

भीती कशाची होती? मरायची नव्हती, खरंच. दारात खुर्ची टाकून बसलेला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळणारा, येणारा-जाणारा ज्याला मोठ्यानं "काय मस्के सर, बरंय का?" म्हणून विचारतो आणि उत्तराला थांबत नाही, असा माणूस व्हायची होती. असे दोघं-तिघं मी गावात बघितले होते. मीही थांबलो नव्हतो.

एका दुपारी शोभा भाकरी कुस्करत होती आणि माझ्या डाव्या पायाचा अंगठा हलला. खरंच हलला का भास झाला, याचीच शंका. परत हलवला. मग तिला म्हणालो, "बघ." तिनं ताटली खाली ठेवली आणि अंगठा धरूनच बसली, जणू सोडला तर पळून जाईल.

लांब चाचणी

थोडं उभं राहता यायला लागल्यावर मला व्यायामाच्या हॉलमध्ये नेऊ लागले. तिथं शेख मॅडम होत्या. तिशीच्या आतबाहेर असतील. आवाज हळू, पण कुणी टाळाटाळ केली की तोच आवाज टणक व्हायचा. त्यांनी पहिल्या दिवशी माझा तोल तपासला.

ही तोलाची चाचणी बरीच लांब असते. आधाराशिवाय बसा. खुर्चीतून उठा. उभे राहा. परत बसा. एका खुर्चीतून दुसरीत जा. डोळे मिटून उभे राहा. पाय जुळवून उभे राहा. हात पुढं करून वाका. खाली पडलेली चप्पल उचला. मागं वळून बघा. एक पाऊल दुसऱ्याच्या पुढं ठेवा. एका पायावर उभे राहा. आणखीही होतं. प्रत्येक कामाला गुण, शेवटी बेरीज.

मला हे आवडलं. आयुष्यभर मी पोरींच्या चाचण्या घेतल्या, गुण देणं मला कळतं. बसण्याचे पूर्ण गुण, उभं राहण्याचे पूर्ण. शेवटची कामं यायची तोवर मी घामाघूम, डावा पाय थरथरायचा. तिथं गुण जायचे, पण बेरीज चांगली दिसायची. दर वेळी थोडी वाढायची. मी बेरीज ऐकूनच खूश व्हायचो आणि शोभाला सांगायचो.

माझ्या आधी तेलगावच्या सरूबाई असायच्या. उसाच्या फडात आयुष्य गेलेली म्हातारी, उजवं अंग गेलेलं, जीभ मात्र जागच्या जागी. त्यांची चाचणी चालू असली की हॉलमधली सगळी माणसं ऐकायची.

"आजी, आता पाय जुळवून उभ्या राहा."

"ऱ्हाते की. पर ह्यात पास झाल्यावर साडी देणार हायत का तुमी?"

"नाही आजी."

"मग एवढं कावून करायलाव? माजी गाडी जाईल."

त्यांची गाडी खरंच जायची. तेलगावहून यायचं म्हणजे सकाळी निघायचं. चाचणीतच दम संपायचा, व्यायाम राहूनच जायचा, आणि नातू "चला आजी, गाडी" म्हणून त्यांना घेऊन जायचा.

केळी

मग हेडसर भेटायला आले. हातात केळ्यांची फणी. माझ्यापाशी थोडं बसले. "घाई करू नका मस्के. तब्येत आधी. ग्राउंडचं आमी बघू," असं म्हणाले.

ग्राउंडचं आम्ही बघू! मला माहीत होतं कोण बघणार ते. संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा खेळाची पदवी घेऊन दोन वर्षं शाळेच्या फाटकात घुटमळत होता. सरावाला यायचा, बाजूला उभा राहायचा, माझ्या पोरींना "असं नाही, असं पळा" म्हणून सांगायचा. मी त्याला एकदा हाकललंही होतं.

उठताना हेडसर शेख मॅडमच्या टेबलाशी थांबले. बराच वेळ बोलले. मॅडम मान हलवत होत्या. मी लांबून बघत होतो आणि केळी हातात धरून होतो.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "सर, आजपासून आपण चाचणी छोटी करू."



चाचणी छोटी होण्याचा अर्थ मला माहीत होता. मी कॉलेजात असताना जिल्ह्याच्या संघाच्या निवडीला गेलतो. आदल्या वर्षी दिवसभर चाचण्या चालल्या होत्या. त्या वर्षी आम्हाला एक डाव खेळवला आणि सांगितलं, झालं, जा. वस्तीतली आम्ही तिघं होतो, तिघांचीही नावं आली नाहीत. ज्यांची आली त्यांतले दोघं त्या दिवशी मैदानावर आलेच नव्हते. निवड आधी ठरली की चाचणी आखूड होते. हा धडा मला पुस्तकातून मिळालेला नाही.

मॅडमनी काय काय गाळलं ते मी लक्ष देऊन बघितलं. आधाराशिवाय बसणं गाळलं. आधाराशिवाय उभं राहणं गाळलं. खुर्ची बदलणं, पाय जुळवणं गाळलं. म्हणजे जी जी कामं मला पूर्ण येत होती तीच नेमकी गेली. राहिलं काय? मागं वळून बघणं, चप्पल उचलणं, पाऊल पुढं ठेवून उभं राहणं, एक पाय. जिथं मी मार खात होतो तेच राहिलं. खुर्चीतून उठणं तेवढं ठेवलं, ते दाखवायला.

गुण अर्थातच घसरले.

"मॅडम, हे कुणाच्या सांगण्यावरून?" मी विचारलं.

"कुणाच्या म्हणजे? सर, तुम्ही बसता हे मला दिसतंय की. रोज समोर बसता. जे मला माहीत आहे ते परत परत कशाला विचारू? छोट्या चाचणीवरूनही जवळपास तेच कळतं. आता बऱ्याच ठिकाणी वापरतात ती. वाचलेला वेळ आपण व्यायामाला देऊ."

"लांब चाचणीत मला बरे गुण होते."

"हो. पण ते बसायचे होते, सर."

"हेडसर काय बोलत होते तुमच्याशी?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "त्यांच्या आईचे गुडघे दुखतात, त्याबद्दल विचारत होते. आणि तुमच्याबद्दल विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं."

आईचे गुडघे! मला हसू आलं. खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोलावं.

शोभावरही

आता खरी लाजेची गोष्ट. माझा संशय शोभापर्यंत गेला.

माझा व्यायाम चालू असताना ती मॅडमशी हळू आवाजात बोलायची. मी वळायला लागलो की थांबायची. एकदा आतल्या पडद्यामागून दोघी बाहेर आल्या, शोभा पदर सारखा करत होती. मी विचारलं, "काय चाललंतं?" ती म्हणाली, "काय न्हाई, बायकांचं."

पुढं मला घरी सोडलं, तरी व्यायामाला रिक्षानं जाणं चालूच होतं. घरी पुण्याच्या लेकीशी फोनवर बोलताना ती मागच्या अंगणात जायची. मी धरून धरून दारापर्यंत जायचो तोवर फोन संपलेला असायचा. मी ठरवून टाकलं, ह्या दोघी-तिघी मिळून मला घरी बसवणार. नोकरी सोडायला लावतील. लेक पुण्याला घेऊन जाईल, कुठल्या तरी चौथ्या मजल्यावर, आणि मी गॅलरीत बसून लोकांच्या गाड्या मोजीन.

या आजारानंतर काही माणसं चिडकी आणि संशयी होतात, हा आजाराचाच भाग असतो, असं डॉक्टरांनी नंतर आम्हाला सांगितलं. शोभा लगेच म्हणाली, "मग ह्यांना हा आजार लग्नाच्या आधीपासून असंल."

पण ते नंतर. त्या दिवसांत घरात कुणी हसत नव्हतं. चहात साखर कमी पडली तरी मला त्यात डाव दिसायचा. एका सकाळी शोभानं रिक्षा बोलावली तेव्हा मी पलंगावरून उठलोच नाही.

"चला की. मॅडम वाट बघत असत्यान."

"तूच जा. तुझंच काम असतंय तिथं."

ती दारात उभी राहिली. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. तिनं त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं आणि आत जाऊन कणीक मळायला लागली. कणीक बराच वेळ मळली तिनं.

अंगणात

दवाखान्यात जाणं सोडलं, पण मला सिद्ध करायचं होतं. ती गिरणीत गेली की मी अंगणात स्वतःची चाचणी घ्यायचो. लांब. सगळी कामं, एकही न गाळता. बसणं, उठणं, उभं राहणं, पाय जुळवणं. गुण मीच देणार. पहिल्या कामांना मनापासून पूर्ण गुण द्यायचो, पुढच्यांनाही फार कापायचो नाही. आमच्या अंगणात लिंबाचं झाड आहे, त्याला हात लागेल एवढ्या अंतरावर उभं राहायचो, आणि हात लागला तरी गुण देताना तो मोजत नव्हतो.

असा मी भरपूर गुण मिळवत असताना एका दुपारी फाटक वाजलं आणि पाठीमागून शोभाची हाक आली, "अहो, हे काय!"

मी वळून बघितलं. डाव्या खांद्यावरून.

मान वळली, खांदा वळला, डावा पाय मात्र होता तिथंच राहिला. मला एवढंच आठवतं, की झाड बाजूला सरकलं. मग गाल मातीवर होता आणि तोंडात धूळ होती.

शोभा धावत आली. माझ्या काखेत हात घातले, वॉर्डात घालायची तसे. ओढलं. मी तसूभर उचललो गेलो आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की मी दचकलो. तिनं हात सोडले. परत घातले, परत तोच आवाज. मग ती माझ्या शेजारी मातीतच बसली, एक हात कमरेवर, आणि रडायला लागली.

"मला उचलता येत न्हाई हो. कंबर गेली माजी."

"कधी?"

"दवाखान्यात असतानाच. तुमाला वळवता वळवता. वाकता बी येत न्हाई मला. मॅडमनं पट्टा दिलाय, पडद्यामागं व्यायाम शिकवीत होत्या. तुमाला सांगितलं असतं तर तुमी मला हात लावू दिला असता का? मग तुमचं कोण केलं असतं?"

मी मातीत पडून तिच्याकडे बघत होतो. पदराखाली कमरेला रुंद पट्टा होता. तो मी रोज बघत असणार. पातळाची घडी जाड दिसते एवढंच मला वाटलं असावं, किंवा काहीच वाटलं नसावं. चहातली साखर मला दिसत होती, हा पट्टा दिसला नाही.

"आन फोनवर?"

"पोरीला सांगत होते, की ईऊ नको, हाय मी. ती नोकरी सोडून यायला निघाली होती."

आम्ही दोघं बराच वेळ तसेच होतो. एक उठू शकत नव्हता, एक उठवू शकत नव्हती. एक कोंबडी येऊन माझ्या पायापाशी उकरायला लागली. शेवटी शोभानं मोठ्यानं हाक मारून शेजारच्या घरातली माणसं बोलावली. त्यांनी मला उचललं, आणि मग मी सांगितलं, "हिलाबी धरा."

परत

फोटो काढला, हाड मोडलेलं नव्हतं. कुल्ल्यावर आणि खांद्यावर मोठे काळेनिळे डाग पडले होते. शेख मॅडमसमोर मी मान खाली घालून बसलो. बोलणी खायची तयारी होती.

त्यांनी एवढंच विचारलं, "काय करताना पडलात?"

"मागं वळून बघताना."

"कुठल्या बाजूनं?"

"डाव्या."

त्यांनी मान हलवली. त्यात ना जिंकल्याचा आनंद होता, ना नवल. मला तेच जास्त लागलं. त्यांना ते आधीपासून माहीत होतं. छोट्या चाचणीनं ते प्रत्येक वेळी सांगितलं होतं, आणि मी ते गुण माझ्याविरुद्धच्या कटातले म्हणून बाजूला सारले होते. बेरीज मोठी असताना मी निर्धास्त होतो. पण अंगणात मी बसलेला असताना पडलो नव्हतो.

तरीही मी विचारलंच. माझा स्वभाव. "पण मॅडम, सगळ्यांचीच छोटी करता का? कुणाचं काही सुटलं तर?"

"सुटू शकतं," त्या म्हणाल्या. "जो पेशंट अजून धड बसत नाही त्याची मी लांबच घेते. त्याला बसण्याचे गुणही मोलाचे असतात. आणि छोटीत काही खटकलं तर बाकीचं परत तपासते. पण सरूबाईंना विचारा."

सरूबाई समोरच्या दोन दांड्यांना धरून चालत होत्या. चाचणी आधीच उरकली होती आणि गाडीला अजून वेळ होता. "आता बरं हाय," त्या तिथूनच ओरडल्या. "लवकर इचारून घेत्यात आन मग चालवित्यात. तुमाला परीक्षेचा लई सोस दिसतोय, मास्तर!"

त्याच सुमारास हॉलच्या दारातून एक म्हातारी आत आली, एकेक पाय ओढत, आणि तिच्या मागं तिच्या चपला हातात घेतलेले हेडसर. आईचे गुडघे खरे निघाले. हेडसरांनी मला बघितलं, चपला खाली ठेवल्या आणि उगीचच शर्ट झटकला. "कसं काय मस्के?" म्हणाले.

"गुडघे कसे हायत आईचे?" मी विचारलं. इतक्या आपुलकीनं विचारलं की ते जरा बावचळले.

भाच्याचंही खरं निघालं. मी शाळेत परत रुजू झालो तेव्हा ग्राउंडवर त्याचीच शिट्टी वाजत होती. मला वर्गातले तास दिले, "तुमच्या सोयीसाठी". सोय कुणाची होती ते शाळेतल्या फळ्यालासुद्धा माहीत आहे. त्यावर माझं भांडण अजून चालू आहे. सगळेच संशय आजारातून आलेले नसतात. पण त्यातला कुठला कुणावर लावायचा, एवढं जरी नीट कळलं असतं तर माझ्या बायकोची कंबर थोडी आधी बरी झाली असती.

जमीन

पडल्यानंतर शेख मॅडमनी व्यायामाचा सगळा रोखच बदलला. डाव्या बाजूनं वळायचं, आधी पाय मग मान. रोज तेच. आणि एक नवीन काम, जे कुठल्याच चाचणीत नव्हतं. त्यांनी सतरंजी अंथरली, मला खाली निजवलं आणि म्हणाल्या, "आता उठा. मी हात लावणार नाही. घरीही कुणी लावायचा नाही. शोभामावशी, तुम्ही तर अजिबात नाही."

कुशीवर वळायचं, कोपर टेकवायचं, गुडघ्यावर यायचं, बळकट पाय पुढं घ्यायचा, मग उठायचं. सांगायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मी कोपरावरच अडकलो आणि मला रडू आलं. शोभा स्टुलावर बसून बघत होती, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून. तिचे हात तसे बांधून ठेवणं तिला माझ्या उठण्याइतकंच जड जात होतं.

किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. पाय अजून ओढतो. थकलो की बोलणं अडखळतं. शंका येतेच, डॉक्टरांनी गोळी बदलली तरी आधी मनात येतं, का बदलली? फरक एवढाच की आता मी ती तोंडावर विचारतो.

गेल्या उन्हाळ्यात लेक आली होती. खूप दिवसांनी मी म्हणालो, आज खाली बसून जेवू. शोभानं पाट थोडा भिंतीपासून लांब सरकवला, म्हणजे मला हात टेकवायला भिंत मिळू नये. जेवण झालं. लेक उठायला लागली, माझ्याकडे हात केला. शोभानं डोळ्यानंच तिला थांबवलं.

मी ताट बाजूला सारलं. कुशीवर गेलो, कोपर टेकवलं. गुडघ्यावर आलो, तिथं जरा थांबलो, श्वास घेतला. उजवा पाय पुढं. डावा थरथरला. मग मी उभा होतो, माझ्या घरात, कुणाचाही हात न लागता. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता शोभाही रडणार.

तिनं माझ्याकडे खालून वर बघितलं आणि म्हणाली, "उठलाच हायत, तर आता ताट बी उचला."